बाळाचा हात आणि बाळाचा घास

या विषयाची जाहिरात लागली तेव्हा पुष्कळांना तो केवळ बायकांचा वाटला असेल. मजुरीचे दर आणि कामाचे तास यांवर बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी बाळाच्या वाटीत का डोकवावे, असेही कोणी मनात म्हटले असेल. त्याचे उत्तर ओघात येईल. आधी बाळाकडे वळू.

आपल्याकडे उष्टावण होते ती साधारणपणे सहाव्या महिन्यापासून पुढे. आजचे वैद्यकही तेच वय सांगते. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. पुढे दूध चालू ठेवून अन्न सुरू करावे लागते, कारण जन्मताना बाळ लोहाचा जो साठा घेऊन येते तो या सुमारास सरत येतो व नुसत्या दुधाने भरून निघत नाही. इथपर्यंत घरोघरी ठाऊक असते. गाडी अडते ती यापुढे. वरणभात कालवून चमच्याने भरविण्याचा क्रम वर्ष-दीड वर्ष तसाच चालतो, आणि बाळाने ताटाकडे हात नेला की 'सांडशील' म्हणून आपण तो बाजूला सारतो.

खरे पाहता तो हात पुढे येणे हीच शिकण्याची सुरुवात होय. आठ महिन्यांच्या सुमारास बहुतेक बाळे हाताने धरून खाण्याजोगे पदार्थ खाऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. त्या वयाचे बाळ वस्तू मुठीत धरते, पण मुठीत दडलेले त्याला तोंडात घालता येत नाही. मुठीबाहेर डोकावेल तेवढेच त्याला चोखता-चावता येते. म्हणून सुरुवातीचा तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब हवा. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा व तर्जनी यांची चिमूट जमू लागली की बारीक तुकडे चालतात. आपण नेमके उलट करतो. बाळ लहान म्हणून तुकडाही लहान देतो, आणि ते चिडले की त्याला भूक नाही असे ठरवून मोकळे होतो.

अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस या बाईंनी १९२६ पासून काही वर्षे एक प्रयोग केला. नुकत्याच दुधावरून अन्नावर येणाऱ्या बाळांसमोर निरनिराळे साधे पदार्थ ठेवायचे, दाईने आपणहून काही भरवायचे नाही, बाळ ज्याकडे हात नेईल तेच त्याला द्यायचे. अशी पंधरा मुले त्यांनी पाहिली, व ती चांगली वाढली. मात्र यावरून मुलाला हवे ते खाऊ द्यावे असे कोणी समजू नये. पुढे ठेवलेल्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, तळण नव्हते. निवड मुलाची होती, पण यादी मोठ्यांची होती, हे डेव्हिसबाईंनी स्वतःच बजावून ठेवले आहे.

तशी यादी यवतमाळच्या बाजारात सहज जमते. वाफवलेल्या कोहळ्याची (इकडे लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात) लांब फोड, उकडलेले रताळे, पिकलेली पपई. केळे खालच्या अर्ध्या सालीसकट दिले तर साल मुठीला धरायला होते. ज्वारीच्या भाकरीचा जाडसर तुकडा तुरीच्या वरणात चांगला भिजवून द्यावा. कोरडा तुकडा तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटतो. मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या, पूर्ण उकडलेल्या अंड्याच्या फोडी, खिचडीचे मऊ मुटके. ज्यांच्या घरी चालते त्यांनी मऊ शिजलेले, काटे काढलेले मासेही द्यावेत, त्यातील लोह अंगी लागते. वरणावर लिंबू पिळले तर त्यातीलही अधिक लागते. पारख एकच: तुकडा आपल्या अंगठ्या-बोटात दाबला की चेपला पाहिजे. साखर-गूळ नको, वेगळे मीठ नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. तान्ह्या बाळांना त्यातून एक घातक विषबाधा होऊ शकते.

आता धोक्याचे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरे, सीताफळाच्या बिया, चिंचोके, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर ही लहानग्यांच्या हाती लागू देऊ नयेत. खाताना बाळ उबळ देते, खोकते, डोळ्यांत पाणी आणते, त्याला आयाबाया घाबरतात. आवाज येत आहे तोवर बाळ आपले आपण घास सोडवत असते. त्या वेळी तोंडात बोट घालून चाचपू नये, घास आणखी आत जातो. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर मात्र क्षण दवडू नये. वर्षाच्या आतले बाळ मांडीवर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. घास न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. घास सुटेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे, आणि एकाने दवाखान्याची गाडी बोलवावी.

म्हणूनच हाताने खाणाऱ्या बाळापाशी माणूस बसलेला हवा. त्याला एकटे सोडून चालत नाही. आमचा संबंध येतो तो इथे.

कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाळापाशी घालविलेला अर्धा तास तराजूत कमी भरतो. मग धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधायची आणि रडू लागले की चहात बुडविलेले बिस्किट तोंडात द्यायचे. चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो आणि बिस्किटातल्या साखरेने भूक मरते, हे त्या बाईला कोणी सांगितले तरी तिने करावे काय? मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री-कामगारांची पाहणी सरकारने १९२० च्या दशकात डॉ. बार्न्स या बाईंकडून करविली, तेव्हा आई कामावर असेतो मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल सर्रास आढळली. बिस्किटाची अफूशी बरोबरी आम्ही करीत नाही. पण आईला वेळ नाही म्हणून मुलाला गप्प करायचे, ही अडचण तीच आहे.

गिरण्यांसाठी पुढे कायदे झाले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आणले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते लागू केले, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. कपाशीच्या वावरात यातले काही पोहोचत नाही. अंगणवाडी १९७५ पासून देशात आली व तिने पुष्कळ केले, पण तीन वर्षांखालच्या मुलाचा शिधा ती घरी देते. तो खाऊ घालायला कोणी बसायचे, हा प्रश्न घरीच राहतो.

वेचणी दसऱ्याच्या आगेमागे लागते, म्हणजे बोलणी करायला उन्हाळा पुरेसा आहे. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक टोळीमागे एक वयस्क बाई मुलांपाशी बसेल आणि तिचा रोज शेतमालक देईल. पाजण्या-भरविण्यासाठी आयांना दोन वेळा अर्धा-अर्धा तास मिळेल व तो मजुरीत धरला जाईल. फवारणीच्या दिवशी मुले वावरात येणार नाहीत. २०१७ साली याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध मोठ्या माणसाला झेपत नाही ते बाळाच्या बोटाला लागून तोंडात जाण्याची भीती आहेच. तेव्हा भरविणारीचे आणि बाळाचे, दोघांचेही हात साबणाने धुवायचे, आणि त्यासाठी लागणारा पाण्याचा हंडा फवारणीच्या पंपापासून दूर, दुसऱ्या झाडाखाली ठेवायचा. औषधाचा रिकामा डबा कितीही घासला असला तरी त्यात पाणी भरायचे नाही.