मासे शोधणारे यंत्र होडीवर बसवताना

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै ह्या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर मासेमारीस बंदी असते. शेतात लावणीची घाई असते आणि होडी झापांखाली झाकून ठेवलेली असते. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ह्या गावांतील पुष्कळ घरांत हे दोन्ही धंदे एकाच संसारात नांदतात. होडीची डागडुजी व इंजिनाची दुरुस्ती ह्याच दिवसांत उरकली जाते, आणि अलीकडे ह्याच दिवसांत आम्हांस आणखी एक गोष्ट विचारण्यात येते. मासे दाखवणारे यंत्र, ज्याला सर्वजण फिशफाइंडर म्हणतात, ते घ्यावे काय? आणि घेतले तर त्याच्या वायरच्या टोकाला असलेला तो काळा ठोकळा, म्हणजे ट्रान्सड्यूसर, होडीला कोठे मारावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपली कुवत पाहून द्यावे. डिचोलीच्या बाजूला मांडवीच्या पात्रात लहान होडी घालणाऱ्या वाचकांना तर आमचा सरळ सल्ला आहे, की पैसे वाचवा. तेथे बांबूचा वासा पाण्यात खुपसला की खोलीही कळते आणि तळाला चिखल आहे की खडक तेही कळते. परंतु समुद्रात जाणाऱ्यांसाठी दुसऱ्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहिणे अवश्य वाटते. दुकानदार पडदा दाखवतो, पडद्यावरचे रंग दाखवतो. ठोकळ्याविषयी मात्र तो दोन शब्दही बोलत नाही. वास्तविक सारे काम तो ठोकळाच करतो. तो चुकीच्या जागी बसला तर कर्ज काढून आणलेले यंत्र नुसता दिवा होऊन बसते, आणि भोक चुकीच्या जागी पडले तर होडीचेच नुकसान होते.

हे काम चालते कसे ते आधी पाहू. फणस पिकला की नाही हे आपण त्यावर टिचकी मारून ओळखतो. आवाज आपण पाठवतो, आणि परत येणाऱ्या आवाजावरून आतली स्थिती ताडतो. ट्रान्सड्यूसरमध्ये एक विशिष्ट मातीची भाजलेली चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते व पाण्यात आवाज सोडते. उलट, परत आलेला आवाज तिच्यावर आदळला की ती वीज निर्माण करते. तोंड आणि कान दोन्ही तीच. हा आवाज इतका बारीक असतो, की माणसाला तो ऐकू येत नाही. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तळ १५ मीटरवर, म्हणजे साधारण आठ वावांवर असेल, तर आवाज तळाला लागून परत येण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र खोली सांगते.

आता मासा कसा दिसतो? येथे एक गमतीची गोष्ट आहे. माशाचे मांस बरेचसे पाण्यासारखेच असल्यामुळे आवाज त्यातून फारसा न अडखळता जातो. आवाज परत फिरवते ती माशाच्या पोटातील हवेची पिशवी. घोळ माशाचे जे भोत महाग विकले जाते, तीच ही पिशवी. ढोमा पाण्यात गुरगुरतो तो हिच्याच साहाय्याने. पाणी सोडून आवाज हवेवर आदळला की तो जवळजवळ सगळाच मागे फिरतो. म्हणून तारल्यांचा थवा पडद्यावर ढगासारखा दिसतो, परंतु मोरी किंवा वाघळी ह्यांना ही पिशवीच नसल्यामुळे त्यांची खूण फिकी उमटते, आणि तळाला चिकटून राहणारा लेपा तर बहुधा दिसतच नाही. जपानमध्ये नागासाकीच्या भागात फुरुनो बंधूंनी १९४८ साली हे यंत्र प्रथम धंद्यात आणले. जेथे मासे तेथे बुडबुडे, असे तिकडच्या मच्छीमारांकडून कानी आल्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. बुडबुडे म्हणजे हवाच.

हीच हवा माशाच्या पोटात असली तर आपली मित्र, आणि ठोकळ्याच्या तोंडाशी आली तर वैरी. ठोकळ्याखालून बुडबुडे वाहू लागले, की आवाज तेथेच आदळून परत येतो, खाली काही पोचत नाही, आणि पडद्यावर नुसत्या रेघा नाचतात. म्हणून ठोकळा कोठे बसवावा, ह्या प्रश्नाचा खरा अर्थ असा : होडी चालत असताना तिच्या तळाशी हवा नसलेले, गुळगुळीत वाहणारे पाणी कोठे सापडते?

बसवण्याच्या रीती तीन-चार आहेत, आणि पुस्तकात सर्वांत उत्तम म्हणून दिलेली रीत आमच्या मते आपल्या होड्यांना सर्वांत अयोग्य आहे. ती रीत म्हणजे तळाला आरपार भोक पाडून ठोकळा खालून बसवणे. जी होडी शापोरा नदीत किंवा धक्क्याला वर्षभर पाण्यातच उभी असते, तिला ती ठीक. तेथेही लाकडी होडीला ब्राँझचा ठोकळा घ्यावा, प्लॅस्टिकचा नव्हे, कारण लाकूड पाणी पिऊन फुगते आणि प्लॅस्टिकला चिरडते. लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या तळाला मात्र ब्राँझ लावू नये, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस खातात. पण हरमलची वा मोरजीची होडी रोज वाळूवरून ओढून वर काढली जाते. तळाबाहेर अर्धा इंच जरी काही डोकावत असेल तरी ते पहिल्या आठवड्यातच उखडेल, आणि उखडताना भोकाची कड घेऊन जाईल. समुद्रात गेल्यावर त्या भोकाचे काय होईल हे आम्ही सांगायला नको. विकणारा कितीही आग्रह करो, वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीच्या तळाला भोक पाडू देऊ नका.

दुसरी रीत, ठोकळा होडीच्या आतून तळाला इपॉक्सीने चिकटवणे. भोक नाही, ओढताना घासण्याची भीती नाही. हे फक्त भरीव फायबरच्या तळाला चालते. लाकडातून चालत नाही, कारण लाकडाच्या तंतूंत हवा असते. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा प्लायवूड घातले असेल तेथेही चालत नाही. आपल्या तळात काय आहे हे होडी बांधणाऱ्यासच विचारावे. चिकटवण्याआधी परीक्षा घ्यावी. होडी पाण्यात असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती तळावर दाबून ठेवावी, पिशवीतल्या पाण्यात ठोकळ्याचे तोंड टेकवावे व खोली वाचावी. मग दोरीला शिसे बांधून तीच खोली मोजावी. दोन्ही जुळली तर ती जागा चांगली. जुळली नाहीत तर हातभर सरकून पुन्हा पाहावे. हाताने घातलेल्या फायबरमध्ये कोठे ना कोठे हवा अडकून राहिलेली असतेच. जागा ठरली की आतला रंग खरवडून काढावा आणि बुडबुडा न राहील अशा बेताने इपॉक्सी ओतून ठोकळा किंचित फिरवत दाबावा. ह्या रीतीत आवाजाची थोडी शक्ती फायबरमध्ये मुरते आणि पाण्याचे तापमान कळत नाही. दहा-पंधरा वावांच्या पाण्यात ह्याने काही बिघडत नाही.

तिसरी रीत, मागच्या फळीवर, म्हणजे जेथे आउटबोर्ड मोटर अडकवतात तेथे पट्टी मारून ठोकळा बसवणे. हा ठोकळा पंख्यापासून निदान सवा फूट दूर असावा. पंखा मागून पाहता उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल, तर ठोकळा होडीच्या उजव्या बाजूला घ्यावा. त्या बाजूला पाती खाली जातात व बुडबुडे कमी येतात. तळावर एखादी उभी पट्टी, खिळ्यांची रांग किंवा पाणी आत घेणारे तोंड असेल, तर त्याच्या मागच्या रेषेत ठोकळा नको. ठोकळ्याचे तोंड तळाच्या खाली दोन-तीन मिलिमीटर यावे व पाण्याच्या पृष्ठाशी समांतर राहावे. होडी रिकामी असताना नव्हे, माणसे, जाळी व इंधन चढवल्यावर जी पातळी असते ती धरावी. फायबरच्या होडीच्या मागच्या फळीत बहुधा आत प्लायवूड असते. स्क्रूची भोके सीलन्टने नीट भरली नाहीत तर पाणी आत शिरून ती फळी आतून कुजते, आणि बाहेरून वर्ष-दोन वर्षे काहीच दिसत नाही. ज्या फळीवर मोटरचे सारे वजन आहे तीच ही फळी.

लाकडी होडीसाठी, उलांडीच्या होडीसाठी आणि रोज वाळूवर येणाऱ्या कोणत्याही होडीसाठी आम्हांस चौथी रीत सर्वांत पसंत आहे, आणि ती सर्वांत स्वस्तही आहे. होडीच्या कडेला उचलता येणारा एक दांडा शिकंजाने अडकवावा व त्याच्या टोकाला ठोकळा बसवावा. भोक एकही नाही. मासे शोधताना दांडा खाली, किनाऱ्याला लागताना वर. दांडा इतका लांब असावा, की ठोकळा तळाच्या पातळीच्या किंचित खाली जाईल; आणि इतका ताठ असावा, की होडी चालताना थरथरणार नाही. ज्या बाजूने जाळे ओढता तिच्या विरुद्ध बाजूला तो असावा, आणि उलांडीने ढवळलेले पाणी त्याच्यावर येऊ नये. जाळे टाकण्यापूर्वी दांडा वर घेण्याची सवय सर्व खलाशांना लावावी. वेगात ही रीत नीट चालत नाही, दांड्याभोवती हवा ओढली जाते. परंतु मासा शोधायचा तो हळू जाऊनच.

आता कोणता ठोकळा घ्यावा ते थोडक्यात. डब्यावर ५० आणि २०० असे आकडे असतात. २०० चा आवाज बारीक, त्याचा झोत अरुंद आणि चित्र स्वच्छ. ५० चा आवाज खोल जातो, झोत रुंद असतो, पण बारकावे हरवतात. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी २०० पुरे. हल्ली चर्प नावाचा प्रकार येतो, त्यात एका आकड्याऐवजी आकड्यांची पूर्ण माळ सोडली जाते व जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात. परवडत असेल तर घ्यावा. जास्त वॅटच्या मागे लागू नये, ते खोल समुद्राचे काम. मात्र यंत्र एका कंपनीचे व ठोकळा दुसऱ्या कंपनीचा, अशी जोडी स्वस्त मिळते म्हणून आणू नये. नुसती पिन बसली म्हणजे जोडी जुळली असे होत नाही.

झोताचे माप मात्र लक्षात ठेवावे. २० अंशांचा झोत दहा वाव खोलीवर साडेतीन वाव रुंद होतो, पाच वावांवर पावणेदोन वावच. म्हणजे उथळ पाण्यात हे यंत्र केवळ होडीच्या पोटाखालचे पाहते. चार हात बाजूने थवा गेला तरी त्याला पत्ता नसतो. शिवाय पडद्यावर डावी-उजवी बाजू नसते. उजवी कड म्हणजे आताचा क्षण, डावीकडे सरकते ते मागचे. डावीकडे मासा दिसला म्हणून होडी डावीकडे वळवणारे तांडेल आम्ही पाहिले आहेत! रापणीच्या काळात पाण्याचा रंग, पक्ष्यांची झेप, पृष्ठावरची सळसळ पाहून थवा ओळखणारी जी नजर होती, ती ह्या यंत्रामुळे निकामी झाली असे समजू नये. यंत्र पायाखालचे पाहते, दूरचे डोळ्यांनीच पाहायचे असते. आणि कोणत्या जातीचा मासा आहे हे तर ते सांगतच नाही.

ह्याच कारणासाठी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. तेरेखोल व शापोरा ह्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत आणि ते जागा बदलतात. मागच्या फळीवरचा ठोकळा जी खोली सांगतो ती होडीच्या मागच्या टोकाची. नाळ तोवर पुढे पोचलेली असते. सहा नॉट वेगाने होडी सेकंदाला तीन मीटर जाते. पाच सेकंदांनी आकडा वाचला तर पंधरा मीटर निघून गेले. शिवाय आकडा ठोकळ्यापासून तळापर्यंतचा असतो. मोटरचा पंखा त्याच्याही खाली असतो. मुखातून ये-जा करताना भरती-ओहोटी व लाटांची फूट पाहूनच जावे, पडद्यावर विसंबून नव्हे. यंत्रात खोली मीटर, फूट किंवा वाव अशी निवडता येते. घरातील वडीलधारे ज्या मापात बोलतात ते, म्हणजे वाव, निवडावे. होडीवर दोन मापे असू नयेत.

बसवून झाल्यावर पडद्यावर रेघा आल्या तर दोष शोधण्याची सोपी युक्ती अशी. होडी जागेवर उभी ठेवून, गिअर न घालता, मोटरचा वेग वाढवावा. रेघा वाढल्या तर दोष विजेचा आहे. यंत्राची वायर मोटरच्या व वायरलेसच्या वायरपासून दूर घ्यावी, आणि शक्य तर यंत्राला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्यावी. उभ्या होडीत चित्र स्वच्छ व चालत्या होडीत खराब, तर दोष बुडबुड्यांचा. ठोकळा एका वेळी दोन-तीन मिलिमीटर खाली घेऊन पुन्हा पाहावे. वायर लांब पडली म्हणून कापू नये, सैल वेटोळे करून बांधावी. फ्यूज पुस्तकात दिला आहे तेवढाच घालावा. फ्यूजऐवजी तांब्याची तार पिळणारे कारागीर असतात, त्यांना यंत्राला हात लावू देऊ नये.

सरकारी मदत कधी मिळते, कधी योजना बदलते. तेव्हा बिल करण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्यात विचारपूस करावी. हंगामात ठोकळ्याच्या तोंडावर शेवाळ व शिंपले चढतात. ते मऊ कापडाने व साबणाच्या पाण्याने काढावेत, कोयत्याने खरवडू नयेत. थिनर किंवा पेट्रोल प्लॅस्टिकला लावू नये. तळाला रंग देताना ठोकळ्यावर पाण्यात मिसळणारा रंगच चालतो, दुसरा त्याचे तोंड खातो. बंदीच्या दिवसांत पडदा काढून घरात कोरड्या जागी ठेवावा, आणि होडीवर राहिलेल्या वायरची पिन गोड्या पाण्याने पुसून, सुकवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वर टांगावी.