सुकाणू कोणाच्या हाती?

संस्कृतात ‘कर्ण’ या शब्दाचा एक अर्थ सुकाणू असा आहे. ते धरणारा तो कर्णधार. ग्रीक भाषेत याच अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून एका सॉफ्टवेअरला ‘कुबरनेटिस’ हे नाव मिळाले. गूगलने ते 2014 मध्ये जाहीर केले. या कर्णधाराचे काम काय, आणि त्याची गरज कोणाला?

समजा, एखाद्या संस्थेने आपला शब्दकोश संकेतस्थळावर ठेवला. तो एकाच सर्व्हरवर असेल, तर सर्व्हर बंद पडताच कोशही बंद. म्हणून चार-पाच सर्व्हर जोडतात. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सामग्री एकत्र बांधून त्याचा ‘कंटेनर’ करतात. ही पद्धत 2013 पासून ‘डॉकर’मुळे रूढ झाली. मग कोणता कंटेनर कोणत्या सर्व्हरवर चालवायचा, हे ठरवणारा कोणी तरी लागतो.

त्यासाठी कुबरनेटिस, डॉकर स्वॉर्म आणि नोमॅड हे तीन पर्याय आहेत. तिघांनाही कृती नव्हे, अपेक्षित स्थिती सांगायची असते: ‘कोशात शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या तीन प्रती सदैव चालू असाव्यात.’ एक बंद पडली की ते दुसरीकडे नवी सुरू करतात. नियंत्रक सर्व्हरांचे निर्णय बहुमताने होतात. तीन नियंत्रकांपैकी एक बंद पडला तरी चालते, पाचांपैकी दोन. चार ठेवले तरी एकच बंद पडलेला चालतो, कारण चारांचे बहुमत तीन. म्हणून संख्या विषम ठेवतात.

फरक पुढे आहे. स्वॉर्म 2016 पासून डॉकरमध्येच अंतर्भूत आहे. डॉकर येणाऱ्याला ते लवकर जमते, पण त्याच्या सोयी मोजक्या आहेत. नोमॅड ही एकच फाइल आहे आणि ती कंटेनर नसलेले प्रोग्रॅमही चालवते. मात्र 2023 मध्ये तिचा मुक्त परवाना बदलून निर्बंध असलेला परवाना आला. कुबरनेटिस मुक्त आहे, सर्वांत समर्थ आहे आणि त्याचे जाणकारही अधिक मिळतात. परंतु त्याची परिभाषा मोठी आणि देखभाल जड आहे.

तिघांविषयी एक गैरसमज टाळावा. नवी प्रत सुरू झाली म्हणजे जुन्या कंटेनरमध्ये साठवलेल्या नोंदीही परत आल्या, असे होत नाही. संपादकांनी वर्षभर घातलेले शब्द वेगळ्या, टिकाऊ जागी साठवावे लागतात आणि त्यांची रोजची प्रत अन्यत्र ठेवावी लागते. हे काम तिघांपैकी कोणीही आपणहून करत नाही.

म्हणून निवड करताना सोयींची यादी पाहण्याआधी विचारावे: बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार? संस्थेत एकच तंत्रज्ञ असेल आणि कोश तासभर बंद राहिलेला चालणार असेल, तर एक सर्व्हर आणि नियमित प्रत पुरेशी आहे. खंड चालणारच नसेल, तर प्रथम स्वॉर्म पाहावे. अनेक प्रोग्रॅम आणि ते सांभाळणारी माणसे असतील, तेव्हाच कुबरनेटिस घ्यावे. गलबत केवढे आहे ते पाहूनच कर्णधार नेमावा.