वाणसामानाची यादी: निर्णय घरात घ्यायचा की दुकानात?

आजच्या विषयाचं नाव वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "चाळीस वर्षं ॲरिस्टॉटल शिकवलात, आता वाणसामान शिकवणार?" आम्ही म्हटलं, "ॲरिस्टॉटल शिकवण्यात वाणसामान शिकायचं राहून गेलं, म्हणूनच." यात विनोदाचा भाग थोडा, खरं जास्त आहे. ती हकिगत आधी सांगतो, म्हणजे पुढचं विवेचन अधांतरी राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी तोंडावर असताना, आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक आठवडे अंथरूण. घरात आम्ही पाचजण: आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि नातू. मुलगा-सून दिवसभर कामावर. तेव्हा बाजाराची पिशवी आमच्या हातात आली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदा.

दूध आणि गॅस सोडून आठवड्याला तीन हजार, असा सौभाग्यवतींचा हिशेब होता. रविवारी पाकिटात तेवढे पैसे ठेवायचे आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्यात भागवायचं. आम्ही पहिल्या आठवड्यात चार हजार सातशे खर्च केले. दुसऱ्यात चार हजार चारशे. विचारलं तर आमचं उत्तर तयार: "महागाई किती झालीय, कल्पना आहे का?" तिसऱ्या आठवड्यात अंथरुणावरूनच त्यांनी विचारलं, "अहो, जिरं कितव्यांदा आणलंत?" पाहिलं तर फळीवर जिऱ्याची तीन पाकिटं. तिन्ही न फोडलेली. आणि डब्यात जिरं होतंच.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण तेव्हा घरात कुणी हसलं नाही. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च विम्यातून निघाला नव्हता. मुलाच्या नोकरीत पगार लांबत होते. नातवाच्या शाळेचा हप्ता भरायचा होता. अशा वेळी आठवड्याला जास्तीचे दीड हजार म्हणजे महिन्याला सहा हजार, आणि ते नेमके कुठे जातात हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही सगळी बिलं घेऊन बसलो. काही खिशातली, काही पुस्तकांत खुणेला ठेवलेली. भाजीचं बिल नसतं, पण फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद असते. बेरीज झाली सतरा हजार नऊशे. बारा हजारांच्या जागी. म्हणजे पाच हजार नऊशे जास्त. मग त्या जादा रकमेची आम्ही विभागणी केली. घरात आधीच असलेल्या वस्तू पुन्हा आणल्या, त्याचे सोळाशे. आणून टाकून दिलं, म्हणजे सडलेली पालक, पिवळी पडलेली कोथिंबीर, अळ्या झालेले पोहे, त्याचे तेराशे. यादीत नसलेलं, म्हणजे बिस्किटं, फरसाण, तयार पिठं, रात्री दहाला घरपोच मागवलेलं काहीबाही, त्याचे चोवीसशे. आणि जिच्या नावाने आम्ही बोटं मोडत होतो त्या महागाईचे? सहाशे.

आता या आकड्यांवरून तत्त्वज्ञानाकडे वळू.

इंग्रजीत ज्याला इकॉनॉमी म्हणतात तो शब्द ग्रीक 'ओइकोनोमिया'वरून आला. ओइकोस म्हणजे घर, आणि नोमोस म्हणजे नियम, व्यवस्था. अर्थशास्त्र या विद्येचं पाश्चात्त्य नाव मुळात घर चालवण्यावरून पडलं आहे. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन याचा याच विषयावर एक संवाद आहे. त्यात इस्खोमाखस नावाचा गृहस्थ आपल्या तरुण पत्नीला एका फिनिशियन जहाजाचं उदाहरण देतो. एवढ्याशा जागेत दोर, शिडं, हत्यारं, माल असं सगळं इतकं नेटकं लावलेलं, की कोणती वस्तू कुठे आहे हे खलाशी न पाहता सांगू शकतो. वादळ आलं की शोधाशोध करायला वेळ नसतो. घरही तसं असावं, असं त्याचं म्हणणं. आमची तीन जिऱ्याची पाकिटं त्या जहाजावर आली नसती.

आपल्याकडेही हा विचार आहे, आणि तो अशा ग्रंथात आहे की नाव घेतलं की लोक चपापतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात भार्येच्या कर्तव्यांचं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न मोजावं आणि त्याच्या बेताने खर्च करावा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रीस असो की भारत, हे काम दोघांनीही पत्नीवर सोपवलं. शिकवणारा पुरुष, राबणारी बाई. आमच्या घरात तरी वेगळं काय होतं? बाजार म्हणजे पैसे देणं आणि पिशवी उचलणं, एवढंच आम्हाला दिसत होतं. डब्यात काय किती उरलंय, कुठली भाजी आधी संपवायची, बुधवारी कोण उपाशी आणि शुक्रवारी कोण उशिरा येणार, हे सगळं एका डोक्यात चालू होतं. ते डोकं अंथरुणाला खिळल्यावर आम्हाला पत्ता लागला.

आता मुख्य मुद्दा. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या सातव्या पुस्तकात एका अवस्थेची चर्चा केली आहे. ग्रीकमध्ये तिला 'अक्रासिया' म्हणतात. चांगलं काय ते माणसाला कळतं, तरी हातून दुसरंच घडतं. सॉक्रेटिस म्हणे, असं होऊच शकत नाही. चूक होते ती अज्ञानामुळे. ॲरिस्टॉटल म्हणतो, होतं. मोहाच्या क्षणी ज्ञान असतं, पण झोपलेल्या किंवा मद्य प्यायलेल्या माणसाजवळ असावं तसं असतं.

दुकानात नेमकं हेच होतं. संध्याकाळचे सात, पोटात भूक, समोर मांडणी, 'एकावर एक मोकळं'. तिथे उभं राहून निर्णय घ्यायचा म्हटला तर आम्ही तत्त्वज्ञानाचे पंडित असूनही हरलो. सौभाग्यवती हरत नव्हत्या. त्यांचा संयम आमच्याहून मोठा होता असं नव्हे. त्या दुकानात निर्णय घेतच नव्हत्या. निर्णय शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात, डब्यांसमोर, पोट भरलेलं असताना झालेला असे. दुकानात फक्त अंमलबजावणी.

जुन्या घरांत या निर्णयांना ठरलेल्या वेळा होत्या. गहू, तांदूळ, डाळींची बेगमी वर्षाची, उन्हाळ्यात. वाण्याकडचं सामान महिन्याचं, पगार झाल्यावर. भाजी आठवड्याची, बाजाराच्या दिवशी. आज हातातल्या फोनवर दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात येतं. सोय मोठी आहे, आजारपणात आम्हीही वापरली. पण त्यामुळे वर्ष, महिना, आठवडा हे सगळे टप्पे 'आत्ता' या एकाच शब्दात गोळा झाले. जितक्या वेळा 'आत्ता', तितक्या वेळा मोह.

म्हणून आठवडा हे माप धरा. दिवस फार लहान, त्यात पाहुणा आला की हिशेब कोलमडतो. महिना फार मोठा. चुकलं ते पंचविसाव्या दिवशी कळतं. आठवड्यात भाजीही बऱ्यापैकी टिकते आणि चूकही लवकर सापडते.

आमच्या घरी आता काय चालतं ते सांगतो. पहिलं, चार आठवडे काहीही न बदलता फक्त लिहिलं. आधीच काटकसर सुरू केली तर खरं चित्र दिसत नाही. दुसरं, शनिवारी सकाळी डबे, फळी आणि फ्रीज उघडून पाहायचे, आणि हे काम आळीपाळीने. एका शनिवारी आम्ही, दुसऱ्या शनिवारी मुलगा, मग सूनबाई. नातू पाटीवर लिहितो. तिसरं, आठवड्याची सगळी जेवणं ठरवायची नाहीत. आम्ही सुरुवातीला चौदाच्या चौदा ठरवली आणि तोंडघशी पडलो. आता नऊ-दहा ठरवतो, बाकीची जागा उरल्यासुरल्याला. गुरुवारी रात्री फोडणीची पोळी, फोडणीचा भात, भाज्यांचं थालीपीठ. कोंड्याचा मांडा करणं ते हेच. चौथं, पालेभाजी दोन दिवसांत, फळभाजी नंतर. आठवड्याची पालेभाजी एकदम आणू नका.

पाचवी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: पाकिटं दोन ठेवा. आमचा आकडा आता चौतीसशे आहे. तीन हजारांवर परत येता आलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्यातले चारशे दर आठवड्याला दुसऱ्या पाकिटात जातात. वर्षाचे वीस हजार आठशे होतात. त्यातून गहू भरायचे, तेलाचा डबा आणायचा, दिवाळीचा फराळ करायचा. हे नसेल तर डबा आणला त्या आठवड्यात हिशेब फसतो, मग माणूस कंटाळून वहीच बंद करतो.

भावाबद्दल थोडक्यात. पाकिटावर छापलेली किंमत कमाल किंमत असते, त्याहून कमीत विकायला दुकानदार मोकळा असतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. दर किलोला किंवा दर ग्रॅमला काय पडतं ते पाहा. आणि तेलाचा डबा घेताना पंधरा लिटरचा की पंधरा किलोचा, हे आवर्जून वाचा. एक लिटर खाद्यतेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्या आत तेल असतं. दोन्ही डब्यांच्या भावात दीडशे रुपयांचा फरक पाहून आम्ही 'स्वस्त' डबा आणला होता. तेल सव्वा किलोहून जास्त कमी होतं.

आता सावधगिरीची गोष्ट. खर्च आवरायचा म्हणताना माणूस दुसऱ्या टोकालाही जातो. आम्ही गेलो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी पाच रुपयांची घासाघीस केली आणि त्याच संध्याकाळी मोठ्या दुकानात, जिथे घासाघीस करता येत नाही तिथे, चारशे रुपयांचा खाऊ न बोलता उचलला. सूनबाईंनी दोन्ही पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा, तिच्याकडचे पाच रुपये परत देऊन या." आम्ही दिले. ॲरिस्टॉटलने औदार्याला उधळपट्टी आणि कंजूषपणा यांच्या मधलं स्थान दिलं आहे: योग्य माणसाला, योग्य तेवढं, योग्य वेळी. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहिल्या आहेत, ज्यांत कपात करायची नाही: डाळ, दूध, नातवाची फळं आणि आल्यागेल्याचा चहा.

इथे समोरून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. विचारतात, "हे सगळं निवृत्तिवेतनवाल्यांचं झालं. रोजंदारीवरच्या घराने काय करायचं?" प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिलं, की घर जितकं गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आपल्या देशात २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत अन्नावरचा खर्च शहरी भागात एकूण खर्चाच्या सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के निघाला. ज्यांचे रोजचे पैसे रोज येतात त्यांना तेलाची पुडी आणि पावशेर डाळच घ्यावी लागते, आणि दर किलोला ती आपल्यापेक्षा महाग पडते. वर्षाची बेगमी करायला आधी वर्षाचे पैसे लागतात. म्हणून अशा घराला काटकसरीचा उपदेश आम्ही करणार नाही. तिथे रेशनचं धान्य वेळेवर आणि पूर्ण मापात मिळणं जास्त मोलाचं. दोन-चार शेजारणींनी मिळून एक मोठी खरेदी करून वाटून घेणं, हा एक उपाय आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्याहून जास्त सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मात्र आपल्यासाठी आहे. शहरी घरांच्या अन्नखर्चात सगळ्यात मोठा गट पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा आहे. तो धान्यावरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त आहे. आमच्या चोवीसशे रुपयांचं कोडं तिथे सुटतं.

सौभाग्यवती आता काठी घेऊन चालतात. मंडईत येतात, पण पिशवी आमच्याकडे. मागच्या शनिवारी डबे पाहायची पाळी आमची होती. आम्ही यादीत जिरं लिहिलं. त्यांनी डबा उघडून पाहिला, आणि काही न बोलता बंद केला. या वेळी खरंच संपलं होतं.

तुम्हीही या शनिवारी, बाजाराला निघायच्या आधी, एकदा सगळे डबे उघडून पाहा. पुढच्या व्याख्यानात चर्चा करू.