जुन्या गाडीला नवे ब्रेक

येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांच्या नावाने भोपाळात जी वस्ती वसली, ती लोकांच्या तोंडी ‘टी. टी. नगर’ म्हणून रुळली आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपुराहून अनेक मराठी कर्मचारी आपला संसार घेऊन तेथे गेले. सरकारी बिऱ्हाडांच्या ह्या वस्तीच्या एका अंगास अरेरा टेकडी, तर पलीकडे श्यामला टेकडी. अशा शहरात मोटार चालविणाऱ्यास चढापेक्षा उताराची चिंता अधिक असते. चढावर इंजिन थकले तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक थकला तर ती थांबत नाही.

अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली उत्तरपाड्यात बंद झाले. कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचा काळ त्याच्याही आधी संपला. तरीही वडिलांची गाडी म्हणून, किंवा केवळ हौस म्हणून, ह्या गाड्या जतन करणारी मंडळी आहेत. त्यांच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो: नव्या गाडीचे ब्रेक ह्या जुन्या गाडीला बसवता येतील काय? मिस्त्री सहसा म्हणतो, ‘का नाही? बसवून देतो.’ बसवता येतात हे खरे. परंतु बसणे आणि लागणे ह्यांत अंतर आहे.

प्रथम ब्रेकचे कार्य काय ते पाहू. धावत्या गाडीच्या अंगी असलेल्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे, एवढेच त्याचे काम. 1200 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असता थांबविली, तर अर्धा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता काही क्षणांत निर्माण होते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ताशी 30 च्या वेगात चांगल्या कोरड्या रस्त्यावर पाच मीटरांत थांबणारी गाडी 60 च्या वेगात वीस मीटर घेते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पॅडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी आणखी सतरा मीटर पुढे गेलेली असते.

जुन्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या डब्यात दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पॅडल दाबताच ते बाहेर फाकून डब्याला आतून घासतात. ह्या रचनेत एक खुबी आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्यामुळे तो अधिकच घट्ट बसतो. पायाच्या जोराला ही फुकटची मदत होय. पण उष्णता आत कोंडली जाते, ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, आणि तापलेल्या लायनरचे घर्षण कमी होते. लांब उतारावर पॅडल हळूहळू निकामी होत जाते ते ह्यामुळेच.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी चकती दोन पॅडांच्या चिमट्यात धरली जाते. वाऱ्याने ती लवकर निवते आणि पावसाचे पाणी झटकून टाकते. लँचेस्टर ह्या इंग्रज अभियंत्याने 1902 सालीच ही कल्पना नोंदविली होती. परंतु 1953 साली फ्रान्समधील ल मॅन्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. इटलीत फियाट 1100 च्या 1966 सालच्या नमुन्याला पुढे डिस्क आले. आपल्याकडे मात्र त्याच्या आधीचाच ड्रमवाला नमुना पद्मिनीच्या रूपाने पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. सारांश, डिस्क बसविण्याची इच्छा गैर नाही. प्रश्न आहे तो मेळ जमविण्याचा.

पहिला मेळ दाबाचा. पॅडलखालचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईलवर दाब देतो आणि तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर व कॅलिपरमधील दट्ट्याचा 50 मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात जोर सव्वासहा पट होतो. पण निसर्ग काही फुकट देत नाही. जोर वाढला त्याच प्रमाणात ऑईलही अधिक लागते. मोठ्या गाडीचा कॅलिपर आणून मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर पॅडल जमिनीला टेकू लागते. उलट मास्टर सिलिंडर मोठा घेतला, तर पॅडल दगडासारखे कठीण होते. म्हणून हे दोन्ही भाग एकमेकांचा हिशेब करूनच निवडावे लागतात.

दुसरा मेळ मदतीचा. ड्रमची ती फुकटची मदत डिस्कला मिळत नाही. म्हणून तिच्या जोडीला बूस्टर हवा. बूस्टर इंजिनाच्या ओढीने निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनात तो निर्वात आयता मिळतो. डिझेल इंजिनात मिळत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. डिझेल अँबॅसडर किंवा जुनी जीप घेऊन बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक बारकावा असा की, ड्रमसाठी केलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत एक लहानशी झडप असते. ती नळीत थोडा दाब कायम राखते. तीच झडप डिस्कच्या वाटेत राहिली, तर पाय काढल्यावरही पॅड चकतीला घासत राहतात आणि चाक तापते.

तिसरा मेळ पुढच्या व मागच्या चाकांचा. आणि सर्वांत अधिक जीवघेणी चूक येथेच होते. गाडी जोराने थांबते तेव्हा तिचा भार पुढे झुकतो. वर सांगितलेल्या गाडीचा भार उभी असताना दोन्हीकडे सहाशे-सहाशे किलो असला, तर करकचून ब्रेक लावल्यावर पुढे सुमारे 785 आणि मागे 415 किलो उरतो. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळाला, की ती फिरण्याचे थांबून घसरतात आणि गाडी गर्रकन उलटी फिरते. म्हणून केवळ मागचे ब्रेक जबर करणे हा शुद्ध अविचार होय. पुढचे बदलले तरी मागचा दाब योग्य झडपेने मर्यादित आहे ना, हे पाहावेच लागते.

त्यानंतर मोजमापाच्या गोष्टी येतात. चकती रिमच्या आत मावली पाहिजे, कॅलिपर चाकाला घासता कामा नये, आणि सुकाणू पूर्ण वळविले असता रबरी नळी ताणता कामा नये. कॅलिपर धरणारी पट्टी घरगुती वेल्डिंगने जोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. थांबण्याचा सारा जोर त्या पट्टीवरच येतो. जुने लायनर काढताना धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

इतके सारे ऐकून कोणी म्हणेल, मग करावे तरी काय? आधी आहे तेच नीट करावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. कोरडे असताना 205 अंशांना उकळणारे साधे ऑईल ओलाव्याने 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मग नळीत वाफ धरते व पॅडल पोकळ लागते. ते दोन वर्षांनी तरी बदलावे. रबर कप नवे घालावेत, ड्रम गोल आहेत की नाही ते लेथवर तपासावेत, शूंचे अंतर जुळवावे आणि नळ्यांतील हवा काढावी. टायरही पाहावेत, कारण अखेर गाडी रस्त्यावर रोखून धरतो तो टायर, आणि त्याच्या पकडीपलीकडे कोणताही ब्रेक जाऊ शकत नाही. पुष्कळदा एवढ्यानेच मालकाची तक्रार मिटते.

त्याउपर बदल करावयाचाच असेल, तर एकाच नमुन्याचा पूर्ण संच घ्यावा: हब, चकती, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर. निरनिराळ्या गाड्यांचे सुटे अवयव भंगार बाजारातून जमवू नयेत. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात आधी ताशी वीसच्या, मग चाळीसच्या वेगाने परीक्षा घ्यावी. ती उत्तम उतरल्यावरच टेकडीचा उतार धरावा. त्या उताराच्या तळाशी शाळा सुटलेली असते, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना आपल्याकडे येणाऱ्या गाडीचे ब्रेक कोणी, कसे बसविले हे ठाऊक नसते.