ऐकीव दाव्याची पारख करा, बाळाची लस चुकवू नका

‘लस टोचल्यास मूल पुढे वांझ होते’, ‘गोवर म्हणजे देवीचा कोप, त्याला औषध चालत नाही’ असे दावे आपल्या कानावर आले असतील. सांगणारा बहुधा आपलाच हितचिंतक असतो. परंतु त्याचा परिणाम बालकाला भोगावा लागतो.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा असे संदेश मोबाइलवर फिरत होते. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. कोविडकाळात राहून गेलेल्या मात्रा आणि लसीविषयीची भीती ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती.

कोणताही दावा मानण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत :

१. हे कोण सांगत आहे? नाव व पत्ता नसलेल्या संदेशाची जबाबदारी कोणीही घेत नाही.

२. किती जणांना तपासले? गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा ब्रिटनमधील लेख केवळ १२ मुलांवर आधारित होता. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही.

३. नंतर घडले म्हणून त्यामुळेच घडले काय? स्वमग्नतेची लक्षणे ज्या वयात लक्षात येऊ लागतात, त्याच वयात ही लसही दिली जाते.

४. उपचार थांबवण्यास सांगितले आहे काय? तसे असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे.

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते. लसीनंतर सौम्य ताप किंवा पुरळ येऊ शकते. ते थोड्याच दिवसांत ओसरते. मात्रा चुकली असल्यास संकोच न करता केंद्रात यावे.

बालकाला तापासोबत अंगावर पुरळ आल्यास घरी वाट पाहू नये. गोवरामुळे न्यूमोनिया, तीव्र अतिसार व अंधत्व संभवते. उपचारांत ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्राही दिली जाते. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्यावर विसंबून दवाखाना टाळू नये.

मनात शंका असल्यास आशाताई, परिचारिका किंवा डॉक्टर यांना मोकळेपणाने विचारावे. खात्री न केलेला संदेश पुढे पाठवू नये.