सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पोटगी टळत नाही

राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे, कोंडिवडे या भागात कोणी भात लावतं, कोणी फार्महाऊस सांभाळतं, कोणी पिकअप चालवतं. पगाराची स्लिप प्रत्येकाच्या हातात पडत नाही. त्यामुळे मुलाची पोटगी वाढवून मागायची म्हटलं की आईला हमखास ऐकवलं जातं, ‘त्याची कमाई रोखीची, सिद्ध कशी करणार? आणि जमीन तर आजोबांच्या नावावर!’ हे ऐकून कित्येक जणी अर्जच करत नाहीत, आणि झीज मुलाला सोसावी लागते.

वस्तुस्थिती वेगळी आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलं, की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. त्यात शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे. एकूण जमीन किती किंवा तिच्यात आपला हिस्सा किती, ओलिताची की कोरडवाहू, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, खंडाने किंवा बटईने घेतलेली जमीन, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, जमिनीवरचं कर्ज, हे सगळं त्यात विचारलेलं आहे. म्हणजे सामाईक जमिनीतला हिस्साही सांगावा लागतो. जाणूनबुजून खोटं लिहिलं, तर त्याची वेगळी कारवाई होऊ शकते.

रोखीच्या कमाईचंही तसंच. सातबारा, आठ-अ आणि फेरफार उतारे तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन मिळतात. गाडीची नोंद, तिचा कर्जाचा हप्ता, फोनवरून आलेले पैसे, बँकेचं पासबुक यांतून राहणीमान दिसतं, आणि न्यायालय तेही विचारात घेतं. हातीपायी धडधाकट माणसाला ‘कमाई नाही’ एवढं म्हणून सुटता येत नाही.

मात्र पोटगी आपोआप वाढत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली (जुन्या कायद्यातलं कलम १२७) परिस्थिती बदलल्याचं दाखवावं लागतं. माझ्या मते तयारीतला सर्वात मोलाचा कागद म्हणजे एक साधा तक्ता. मागच्या आदेशाच्या वेळी मूल काय शिकत होतं, खर्च किती होता. आज काय शिकतं, खर्च किती आहे. त्याला शाळेच्या फीच्या पावत्या, क्लासची फी, कर्जतपर्यंतचा पास, औषधांची बिलं जोडा. नागपूरच्या त्याच खटल्यात मुलाची दरमहा रक्कम आधी ५ हजार होती आणि सप्टेंबर २०१५ पासून १० हजार ठरली होती.

हाच नियम बापालाही लागू. खोपोलीच्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं म्हणून पैसे द्यायचे थांबवले, तर थकबाकी चढते आणि वसुलीचं वॉरंट निघू शकतं. रक्कम कमी करून हवी असेल, तर त्यानेही अर्ज करायचा.

आईनेही आपली कमाई लपवू नये. ती कमावते म्हणून मुलाचा हक्क जात नाही. शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो, इतकंच. तिने दुसरं लग्न केलं, तरी बापाची जबाबदारी राहते. ‘मुलाला भेटू देत नाही, म्हणून पैसे नाहीत’ हेही चालत नाही. भेटीसाठी वेगळी दाद मागता येते. आणि गावकीत बसून ‘एकरकमी घेतले, आता संबंध संपला’ असं लिहून दिलं असेल, तरी मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही.

वकिलाच्या फीची भीतीही अनेकींना असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी, किंवा १५१०० वर फोन करावा. समन्स मिळाल्यावर तारीख मुद्दाम टाळणाऱ्याच्या माघारी निकाल लागू शकतो, आणि तो रद्द करून घ्यायला सबळ कारणासह तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.