डोस दाबून घातला की लव्हाळा मरतो?

शिरोळ, हातकणंगले, करवीर भागात उसाच्या भांगलणीला माणसं मिळेनाशी झाली, तसा तणनाशकाचा पंप घरोघरी आला. त्याच्याबरोबर काही समजुतीही रुजल्या. बांधावरच्या गप्पांत त्या इतक्या ठामपणे सांगितल्या जातात, की तपासून बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

‘औषध पाण्यासारखं झिरपतं, बाहेर जेवढं, तेवढंच आत.’

बाकीचे गैरसमज बहुतेक यातूनच निघतात. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर मारतात ते टू-फोर-डी घ्या. ते आम्ल आहे. पेशीभित्तिकेतल्या ओलाव्याचा सामू साधारण 5.5, तर आतल्या पेशीद्रवाचा 7.2 च्या आसपास. बाहेरच्या आम्लधर्मी ओलाव्यात या औषधाच्या थोड्या रेणूंवर विद्युतभार नसतो, आणि तेच पेशीच्या स्निग्ध पटलातून सहज पार होतात. आत सामू वाढलेला असल्याने रेणू हायड्रोजनचा कण सोडतो, त्याच्यावर ऋणभार येतो आणि आला त्या वाटेने त्याला परतता येत नाही. बाहेरून नवे रेणू येतच राहतात. या सामूच्या फरकाचा हिशेब मांडला, तर आतला साठा बाहेरच्या 50 पटींपर्यंत जाऊ शकतो. शिवाय ऑक्झिन हे झाडाचं स्वतःचं संप्रेरक आत आणणारी वाहक प्रथिनंही टू-फोर-डीला आत घेतात.

सामूचा हा फरक आपोआप टिकत नाही. हायड्रोजनचे कण बाहेर ढकलण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करत असते. म्हणून पाण्याअभावी मलूल झालेलं तण औषध नीट घेत नाही. वाफशावर जोमात वाढणारं तण घेतं.

‘डोस दाबून घातला की मुळापासून जातं.’

उलट घडतं. लव्हाळ्याचा जीव जमिनीतल्या गाठींत. लागणीआधी मोकळ्या रानात मारलेलं ग्लायफोसेट पानातून अन्नरसाच्या नळ्यांत शिरतं आणि साखरेच्या वाटेने गाठींपर्यंत उतरतं. ती वाट जिवंत पेशींची आहे. डोस दुप्पट केला की पान आधीच करपतं, अन्नरस थांबतो आणि गाठी शाबूत राहतात. रान वरून स्वच्छ दिसतं, पण थोड्याच दिवसांत कोंब पुन्हा वर येतात. पॅराक्वाट दोन दिवसांत पान जाळतं म्हणून ‘कडक’ वाटतं, पण जिथे पडतं तिथेच जाळतं. हराळीचे जमिनीतले धुमारे त्याला दाद देत नाहीत. आणि ते माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक हवं.

‘ऊस वाचतो, कारण औषध उसात शिरतच नाही.’

शिरतं. ॲट्राझिन ऊसही मुळांवाटे पाण्याबरोबर घेतो. पण उसाच्या पेशीतली विकरं त्याला ग्लुटाथायोनशी जोडून निरुपद्रवी करतात आणि मग ते रिक्तिकेत साठवलं जातं. तणाला हे इतक्या झपाट्याने जमत नाही. मात्र उसाच्या या ताकदीलाही मर्यादा आहे. कोवळ्या, ताण बसलेल्या उसावर जादा डोस पडला की पानं पिवळी पडतात. सोयाबीनमध्ये तर ही क्षमता फारच कमी, त्यामुळे जमिनीत उरलेलं ॲट्राझिन पुढच्या सोयाबीनला बाधू शकतं.

‘पाणी कुठलंही चालतं.’

नाही. पावसाळ्यातलं नदीचं गढूळ पाणी वापरलं तर ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट त्यातल्या मातीच्या कणांनाच चिकटून बसतात. क्षारपड भागातल्या जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतं. त्यात जेवणातलं मीठ टाकून काही साधत नाही. अमोनियम सल्फेटने फरक पडतो.

तेव्हा डोस लेबलवर आहे तेवढाच ठेवा. आणि शेजारच्या रानात सोयाबीन, भुईमूग किंवा टोमॅटो उभा असेल, तर वारं सुटलेलं असताना टू-फोर-डी मारू नका. त्या पिकांच्या पेशीही ते तणाइतक्याच ओढीने आत साठवतात.